पेण ते रोहा : पायवाटेवरचा इतिहास

आपल्याकडे किल्ल्यांचा इतिहास भरपूर लिहिला गेला. कोणता गड कोणी बांधला, कोणी जिंकला, कोणत्या साली इंग्रजांकडे गेला, हे शाळकरी मुलेही सांगतात. पण एका गडावरून दुसऱ्या गडाकडे जाणाऱ्या वाटेचा इतिहास कोणी फारसा विचारत नाही. गड हा राजाचा असतो, त्याला नाव असते, तह असतो. वाट कोणाचीच नसते. तिच्यावरून सैन्य जाते, तसा मिठाचा बैलही जातो, फकीरही जातो आणि माहेरी निघालेली बाईही जाते. म्हणूनच एखाद्या मुलुखात खरोखर कोण कोणासोबत राहिले, हे गडापेक्षा वाट अधिक प्रामाणिकपणे सांगते, असे माझे मत झाले आहे.

हे मत पुस्तकातून आलेले नाही. गेल्या दोन हिवाळ्यांत मी पेण ते रोहा हा डोंगरपट्टा पायी चाललो. सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी. शनिवारी रात्री एसटीने किंवा दिवा-रोहा गाडीने पोचायचे, रविवारी चालायचे, जिथे थांबलो तिथून पुढच्या खेपेला सुरुवात करायची. आपल्याकडचे डोंगरभटके याला ‘रेंज ट्रेक’ म्हणतात. जगात ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत बेंटन मॅकाये या गृहस्थाने १९२१ साली अॅपलेशियन डोंगररांगेवरून एक सलग पायवाट असावी अशी कल्पना मांडली. १९३७ मध्ये ती वाट पूर्ण झाली. चौदा राज्यांतून जाणारी ही साडेतीन हजार किलोमीटरची वाट काही जण एका दमात संपवतात, पण कितीतरी जण वर्षानुवर्षे रजा साठवून तुकड्यांनीच पुरी करतात. ती वाट चालण्यासाठीच आखली गेली. आपली वाट कोणी आखलेली नाही. ती पोटासाठी पडली, व्यापारासाठी रुळली आणि लढाईसाठी वापरली गेली. तिच्यावर पाट्या नाहीत. पाण्याची टाकी, वीरगळ, एखादा पीर आणि एखादी ग्रामदेवी एवढ्याच तिच्या खुणा.

सह्याद्रीची मुख्य धार इथून पूर्वेला आहे. पेण आणि रोहा तालुक्यांत आपण चालतो ते तिचे पश्चिमेला उतरलेले फाटे. एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला खाडी. अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते आणि कुंडलिका रोह्यावरून रेवदंड्याला. या दोन पाण्यांच्या मधला हा पट्टा. मुंबई-गोवा महामार्गाने तासा-दीड तासात पार होतो. पायी चालायचे तर पाच-सहा रविवार लागतात.

पहिला टप्पा : सांकशी

पेणच्या ईशान्येला सांकशीचा किल्ला आहे. सरकारी कागदांत सांकशी, पण आसपासच्या गावांत विचारा, ‘बदरुद्दीनचा डोंगर’ म्हणूनही लोक बोट दाखवतात. पायथ्याशी हजरत बदरुद्दीन यांचा दर्गा आहे, त्यावरून हे नाव. वर जायची वाट सोपी नाही. मध्ये कातळ लागतो, त्यात हाता-पायापुरत्या खोबण्या खोदलेल्या आहेत. वर गेल्यावर कातळात कोरलेली पाण्याची टाकी एकामागून एक दिसतात. आणि याच गडावर जगमाता देवीचे ठाणे आहे. सांक नावाचा राजा होता, जगमाता ही त्याची लेक, बाप लढाईत पडल्यावर तिने गडावरून उडी घेतली, अशी लोककथा सांगतात. खाली पीर, वर देवी. गावाला यात काही विशेष वाटत नाही. दर्ग्यासमोर नारळ फोडून वर देवीला जाणारी माणसे मी पाहिली. वरून उतरताना दर्ग्याच्या ओट्यावर बसून भाकरी खाणारीही पाहिली.

या छोट्याशा डोंगराने मोठे राजकारण पाहिले आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सांकशी आणि कर्नाळा हे दोन्ही किल्ले गुजरातच्या सुलतानाकडे होते. १५४० साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या फौजेने ते घेतले. गुजरातच्या अधिकाऱ्यांनी मदत मागितली ती वसईच्या पोर्तुगीजांकडे. पोर्तुगीज धावून आले, किल्ले सोडवले, शिबंदी ठेवली. निजामशहाची फौज पुन्हा चालून आली तेव्हा गुजरातच्या लोकांनी दोन्ही किल्ले पोर्तुगीजांच्याच हवाली केले. मग गोव्याच्या व्हाइसरॉयने हिशेब मांडला. किल्ले राखण्याचा खर्च मोठा आणि निजामशहाशी वैर परवडणारे नाही. दरसाल ५००० सोन्याचे परदाव घ्यायचे ठरवून त्याने किल्ले निजामशहाला देऊन टाकले.

हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. एक मुसलमान सुलतान दुसऱ्या मुसलमान सुलतानाविरुद्ध ख्रिस्ती सत्तेची मदत घेतो आणि ती ख्रिस्ती सत्ता पैसे घेऊन त्याच दुसऱ्या सुलतानाशी तह करते. इथे धर्म कुठे आहे? खाडीचा जकातनाका, मिठाचा महसूल आणि घाटाची चौकी, एवढ्याच गोष्टी या व्यवहारात आहेत. मध्ययुगातल्या प्रत्येक लढाईला धर्मयुद्ध ठरवणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, एकदा सांकशीच्या टाक्यापाशी बसून हा हिशेब वाचावा.

इंग्रजी अमदानीत सांकशी हे किल्ल्याचे नाव महालालाही होते. पुढे पेण मोठे झाले, बंदर आणि बाजार तिकडे गेला आणि सांकशी मागे पडली. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. नावे बदलत राहतात. पाण्याची टाकी मात्र मार्गशीर्षातही भरलेली असतात.

गागोद्याचा चालणारा माणूस

पेण तालुक्यातून जाताना गागोद्याची आठवण टाळता येत नाही. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म याच गावात झाला. पायी चालण्याबद्दल लिहायचे आणि विनोबांना वगळायचे, हे बरोबर होणार नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिले भूदान मिळाले आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे हा माणूस भारतभर चालत राहिला. भूदानाच्या यशापयशावर पुष्कळ वाद झाले, ते व्हायलाच हवेत. दान मिळालेली कितीतरी जमीन खडकाळ निघाली, कितीतरी वाटलीच गेली नाही. पण दुसऱ्याच्या गावात पायी जाण्यामागे जी नम्रता असते, ती विनोबांनी राजकारणात आणली.

मराठी मुसलमान म्हणून मला विनोबांची आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कुराण समजून घ्यायचे तर भाषांतरावर भागवायचे नाही, म्हणून ते अरबी शिकले. मूळ आयती त्यांनी शुद्ध उच्चारांसह म्हणायचा सराव केला. १९६२ मध्ये त्यांचे ‘कुराण-सार’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातूनही पदयात्रा करत गेले. पेण तालुक्यातल्या एका ब्राह्मण घरातला मुलगा कुराणाचे सार काढतो आणि पाकिस्तानच्या गावांत जमीन मागत फिरतो, हे आज सांगितले तर कोणाला खरे वाटेल? पण हा याच मातीचा इतिहास आहे. तो तालुक्याच्या शाळांमधून जयंतीपुरता उरला आहे.

दुसरा टप्पा : नागोठण्याचा पूल

पेणहून दक्षिणेला डोंगराच्या कडेकडेने आलो की अंबेच्या खोऱ्यात उतरतो. इथे नागोठणे. आज हे नाव कारखान्यांमुळे माहीत आहे. पूर्वी ते बंदर म्हणून माहीत होते. धरमतरच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते इथपर्यंत येत. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे साहेब लोक महाबळेश्वरला निघाले की बोटीने नागोठण्याला उतरत आणि तिथून पालखीने महाडकडे जात. समुद्राची वाट संपते आणि डोंगराची वाट सुरू होते तो हा सांधा.

या सांध्यावर एक दगडी पूल आहे. १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो बांधला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. खर्च तीन लाख रुपये. लांबी ४८० फूट आणि कठड्यांच्या आतली रुंदी जेमतेम पावणेदहा फूट. कमानींवर उभा असलेला हा अरुंद पूल मी पावलांनी मोजत पार केला. पावणेदहा फूट म्हणजे लादलेले दोन बैल समोरासमोर आले तर एकमेकांना अंग चोरून जाऊ देतील एवढी जागा. ही रुंदी रथासाठी नाही आणि तोफगाड्यांच्या मोठ्या तांड्यासाठीही नाही. ती पायी माणसासाठी आणि लादलेल्या जनावरासाठी आहे.

हा पूल कोणत्या काळात झाला ते पाहा. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलजवळच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला होता, तो फसला. त्यानंतर साधारण दहा वर्षांनी, त्याच मुर्तजाच्या राज्यात, त्याच चौलचा एक काझी नदीवर पूल बांधतो. वेढ्याची हकिकत सगळ्या पुस्तकांत आहे. पुलाची हकिकत गॅझेटियरच्या चार ओळींत आहे. मला विचाराल तर वेढ्याने या मुलुखाला काही दिले नाही. पुलाने चारशे वर्षे पावसाळ्यात माणसे पलीकडे पोचवली. अंबा नदी ही साधी नदी नाही. जुलै १९८९ मध्ये तिने जांभूळपाड्यात काय हाहाकार केला, हे या भागातल्या कोणालाही विचारावे. अशा नदीवर पूल टिकवणे म्हणजे बांधणाऱ्याला पाण्याची आणि दगडाची दोन्हींची जाण असली पाहिजे. काझीने पैसे दिले असतील, पण दगड घडवला तो इथल्याच पाथरवटांनी, चुना भाजला तो इथल्याच लोकांनी. त्यांची नावे कुठेही नाहीत.

पूल, विहीर, सराई, पाणपोई यांना इस्लाममध्ये ‘सदका-ए-जारिया’ म्हणतात. म्हणजे देणारा मेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते असे दान. आपल्याकडे धर्मशाळा आणि पाणपोई बांधणारा हिंदू सावकार नेमक्या याच भावनेने ते करत असे. पुलावरून जाणाऱ्याला जात विचारता येत नाही. काझीच्या दानाचा सर्वांत जास्त उपयोग कोणाला झाला असेल? मीठ वाहणाऱ्या आगऱ्यांना, लमाणांना आणि वंजाऱ्यांना.

पेणच्या मिठागरांतले मीठ आणि खाडीतली सुकी मासळी बैलांवर लादून घाटावर जात असे आणि घाटावरचे धान्य, गूळ, कापड खाली येत असे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता सुरू झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली आणि शेजारच्या लहान घाटवाटांवरचे तांडे हळूहळू थांबले. लढाईत हरल्यामुळे वाटा मेल्या नाहीत. वाहतूक दुसरीकडे वळली म्हणून त्या मेल्या.

एक रशियन, एक घोडा

या वाटेवरून गेलेल्या परदेशी माणसांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन. तो १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. काही अभ्यासक हे साल दोन वर्षे पुढे नेतात. तेव्हा इथे बहमनी राज्य होते. निकितीनने आपल्या टिपणांत प्रवासाचे दिवस मोजले आहेत. चौलहून पालीला आठ दिवस, तिथून उमरीला दहा दिवस आणि पुढे जुन्नर. पाली म्हणजे आपली सुधागडजवळची पाली, असे सहसा मानले जाते. तसे असेल तर चौलहून पालीला जायचे दोनच सरळ मार्ग. एक कुंडलिकेच्या काठाने रोह्यावरून आणि दुसरा नागोठण्याच्या बाजूने. कोणताही धरला तरी निकितीन आज मी चाललो त्याच पट्ट्यातून गेला.

आज गाडीने दोन-अडीच तासांचे हे अंतर, त्याला आठ दिवस लागले. सोबत विक्रीसाठी आणलेला एक घोडा होता. जुन्नरच्या असदखानाने तो घोडा काढून घेतला आणि मुसलमान झालास तरच परत देईन, असे बजावले. एका मुसलमान सत्ताधाऱ्याने केलेली ही जबरदस्ती निकितीनने लिहून ठेवली आहे आणि ती लपवण्याचे काही कारण नाही. पण त्याच टिपणात पुढचेही आहे. ख्वाजा मोहम्मद नावाच्या खुरासानी मुसलमानाने मध्ये पडून त्याचा घोडा सोडवला आणि धर्म बदलण्याचे संकटही टाळले. एकाच शहरात, एकाच धर्माची दोन माणसे. एक अन्याय करतो, दुसरा तो निवारतो. इतिहास वाचताना पहिल्यालाच समाजाचा प्रतिनिधी मानायचे आणि दुसऱ्याला विसरायचे, ही सवय आपण सोडली पाहिजे. उलट, फक्त दुसऱ्याचे कौतुक सांगून पहिल्यावर पांघरूण घालायचे, ही सवयही सोडली पाहिजे.

निकितीनच्या लेखनाचा शेवट एका अरबी प्रार्थनेने होतो. परक्या मुलुखात इतकी वर्षे चालून त्याच्या भाषेत तुर्की, फारसी, अरबी सगळे मिसळून गेले. रेवदंड्याला त्याचा स्मारकस्तंभ २००२ मध्ये उभारला गेला. चौलला जाणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

निकितीनच्याही आधी साडेपाचशे वर्षे, ९१६ च्या आसपास, अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौलला, त्याच्या भाषेत ‘सैमूर’ला, आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांतले पुष्कळ इथेच जन्मलेले आहेत आणि त्यांच्यातलाच एक जण राजाच्या संमतीने त्यांचा न्यायनिवाडा पाहतो, असे त्याने नोंदवले. त्या वेळी इथे राष्ट्रकूटांच्या छत्राखालचे शिलाहार राज्य होते. दिल्लीत सुलतान यायला अजून पावणेतीनशे वर्षे होती. कोकणातला मुसलमान तलवारीने आला की गलबताने, या प्रश्नाचे उत्तर याहून स्पष्ट कोणते हवे?

तिसरा टप्पा : सुरगडाचा लेख

नागोठण्याहून पुढे कोलाडच्या दिशेला खांब नावाचे गाव लागते. त्याच्या वर सुरगड. पायथ्याच्या वाडीचे नाव घेरा सुरगड. गड लांबट आणि अरुंद आहे. वर पाण्याची टाकी, तोफा, पडके बुरूज आहेत. आणि एक शिलालेख आहे, ज्यासाठी मी मुद्दाम गेलो होतो. तो दोन लिप्यांत आहे, देवनागरी आणि अरबी. हुकूम सिद्दीचा, बांधणारा सूर्याजी, हवालदार तुकोजी हैबत.

मी पोचलो तेव्हा गडावर दुर्गसंवर्धन करणारी काही तरुण मुले टाक्यातला गाळ काढत होती. नाव विचारले, मी सांगितले. क्षणभर शांतता झाली. मग एक जण म्हणाला, “काका, तुम्ही इकडे कसे?” प्रश्नात राग नव्हता, नवल होते. पण असे नवल मला नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या कोणा जोशी-पाटलाच्या वाट्याला आलेले दिसत नाही. मी म्हटले, “तुम्ही जसे आलात तसाच, चालत.” हशा झाला. थोड्या वेळाने त्यांतल्याच एकाने विचारले, “तुम्हाला उर्दू येते ना? मग ही बाजू वाचून दाखवाल का?” अक्षरे फार झिजली आहेत. बोट फिरवत मी जेवढे लागेल तेवढे लावले. ती मुले मोबाइलवर टिपून घेत होती. एवढेच घडले. यात समेटाचे नाटक नव्हते आणि भांडणही नव्हते. पण ‘तुम्ही इकडे कसे’ या प्रश्नाचे खरे उत्तर त्या दगडावरच होते.

जंजिऱ्याचे सिद्दी आणि मराठे यांचे वैर जवळपास शतकभर चालले. त्याची किंमत कोकणातल्या रयतेने मोजली, हे मान्य केलेच पाहिजे. सिद्दीच्या स्वाऱ्यांत गावे जळाली, माणसे धरून नेली गेली. तळेगड आणि घोसाळगड १६४८ च्या सुमारास शिवाजी महाराजांकडे आले. अफझलखान चालून आला तेव्हा सिद्दीने तळ्याला वेढा घातला होता. पण त्याच सिद्दीच्या राज्यात गड बांधणारा सूर्याजी आहे आणि तो सांभाळणारा तुकोजी आहे. सिद्दीचे सैनिक, कारकून, शेतकरी बहुसंख्य मराठी बोलणारेच होते. म्हणून तर हुकूम देवनागरीतही कोरावा लागला. दुसऱ्या बाजूलाही तसेच. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत, म्हणजे याच अंबा नदीच्या वरच्या अंगाला, महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली. त्या मोगल फौजेत रायबागन नावाची हिंदू सरदारीण होती आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला खानाला तिनेच दिला, असे बखरकार आणि इतिहासकार सांगतात. खंडणी देऊन खान जिवंत परत गेला. तो हरला याचे कारण त्याचा धर्म नव्हता. त्याला वाट माहीत नव्हती आणि महाराजांना ती माहीत होती, म्हणून तो हरला.

चौथा टप्पा : अवचितगड आणि रोहा

रोह्याजवळचा अवचितगड हा या वाटेवरचा सर्वांत देखणा गड. मेढा, पिंगळसई आणि पडम या तीन गावांतून वाटा वर जातात. मी मेढ्याच्या वाटेने गेलो, दाट रान आहे. वाटेत वीरगळ लागतात. कोणत्या लढाईत पडलेला कोणाचा कोण, कोणालाच माहीत नाही, पण गावकरी शेंदूर लावतात. वर सात टाक्यांचा समूह आणि बारा कोनांचा एक सुरेख तलाव आहे. एका बुरुजावर शके १७१८, नल संवत्सर, चैत्र प्रतिपदा असा लेख आहे. म्हणजे १७९६ चा पाडवा. पेशवाईचा तो उतरता काळ. हा बुरूज बांधून बावीस वर्षे होतात न होतात तोच, १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने या भागातले गड एकामागून एक घेतले. ज्या गडांसाठी निजामशाही, पोर्तुगीज, सिद्दी आणि मराठे अडीचशे-तीनशे वर्षे झगडले, ते काही महिन्यांत गेले. जिंकणाऱ्याला त्यांत राहायचेही नव्हते. त्याला फक्त ते दुसऱ्या कोणाच्या हाती नको होते.

अवचितगडावरून खाली रोहा दिसते, कुंडलिका दिसते. उन्हाळ्यातही या नदीला पाणी असते. त्या पाण्याचा इतिहास घाटावरचा आहे. मुळशीचे धरण झाले, तिथल्या मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला आणि अखेर तो हरला. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरात उतरते, वीज करते आणि कुंडलिकेत सोडले जाते. भिऱ्याचे वीजघर १९२७ चे. रोह्याची उन्हाळी नदी म्हणजे वरच्या बुडालेल्या गावांचे पाणी आहे. वाटेने चालत गेले की असे ऋण डोळ्यांना दिसते. गाडीतून ते दिसत नाही.

पुढचा टप्पा कुंडलिकेच्या काठाने भिऱ्याकडे आणि तिथून घाटावर, असा ठरवला आहे. वाटेत कातकरी आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. खरे तर या सगळ्या वाटा आज त्यांच्याच पायांनी जिवंत आहेत. लाकूडफाट्याला, मधाला, बाजाराला जाणाऱ्या या लोकांनी वाट मोडू दिली नाही. निम्म्या ठिकाणी मला रस्ता कातकऱ्यांनीच दाखवला. त्यांच्या नावाचा मात्र ना गड आहे, ना शिलालेख.

वाट कोणाची?

आज किल्ल्यांवरच्या आणि किल्ल्यांजवळच्या दर्ग्यांवरून वातावरण तापवले जाते. कुठे खरोखर नवे बेकायदा बांधकाम असेल तर कायद्याने त्याचा निकाल लावावा. त्यात मुसलमानांनी भावनेचा मुद्दा आणू नये. पण प्रत्येक जुन्या पिराला ‘अतिक्रमण’ म्हणायचे असेल तर बदरुद्दीनच्या डोंगराचे काय करणार? लोकांनी डोंगरालाच पिराचे नाव दिले आहे. नागोठण्याच्या पुलाचे काय करणार? सुरगडाच्या शिलालेखाची एक बाजू पुसून दुसरी ठेवता येईल काय? दगड एकच आहे.

दुसरा प्रश्न माझ्याच समाजाला आहे. रायगड जिल्ह्यात मुसलमानांची वस्ती शेकडो वर्षांची आहे. पेण, नागोठणे, रोहा, मुरूड, म्हसळा सगळीकडे आपली घरे आहेत. पण आपली किती मुले अवचितगडावर गेली आहेत? गड म्हणजे ‘त्यांचे’ अशी समजूत आपणही करून घेतली आणि आखातातल्या नोकरीच्या वाटेकडे डोळे लावले. ज्या काझीने आपल्या गावाजवळ पूल बांधला त्याचे नाव नागोठण्याच्या किती मुसलमान मुलांना ठाऊक असेल? इतिहासावर हक्क सांगायचा तर आधी तो पायाखाली घातला पाहिजे. दुसऱ्याने आपल्याला इतिहासातून वगळले, ही तक्रार खरी आहे. पण वगळलेल्या जागी आपण स्वतः जाऊन उभे राहात नाही, हेही तेवढेच खरे आहे.

महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. डोंगर खोदले गेले, मुरमासाठी टेकड्या सपाट झाल्या, जुन्या वाटांची तोंडे भरावाखाली गेली. आणखी वीस वर्षांनी या पट्ट्यात पायी जायचे म्हटले तर वाट सापडेलच असे नाही. म्हणून मी वाचकांना, विशेषतः शिक्षकांना, एक विनंती करीन. मुलांना गडावर न्याच, पण एखाद्या वेळी एका गडावरून दुसऱ्या गडाकडे चालत न्या. सोबत पाणी, भाकरी आणि एखादा वाटाड्या असला की पुरे. वाटेत पीर लागेल, देवी लागेल, वीरगळ लागेल, कातकऱ्याची वाडी लागेल. प्रत्येकापाशी पाच मिनिटे थांबा आणि हे इथे का आहे, असे मुलांना विचारा. कोणाचे आहे, हे विचारू नका. त्याचे उत्तर चालता चालता त्यांना आपोआप मिळेल.